सावली म्हणजे अंधार नव्हे

मुख्याध्यापकांचे मनोगत





या पानावर दरवेळी मी परीक्षा, हजेरी आणि शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी कुंड्यांविषयी लिहिणार आहे. आपल्या शाळेतील २४ कुंड्यांपैकी १५ कुंड्या गेल्या काही महिन्यांत वाळल्या आणि त्याचे खापर सातवीच्या एका विद्यार्थिनीवर फुटले. ते फोडणारा मीच होतो. शिवाय त्याच जागी पुन्हा नवीन कुंड्या ठेवाव्यात, असा विचार सध्या चालू आहे. म्हणून हा विषय इथे मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

हकीकत अशी आहे. गेल्या पावसाळ्यात एका पालकांनी शाळेला अ‍ॅस्परॅगसच्या २४ कुंड्या भेट दिल्या. लग्नाच्या बुकेमध्ये गुलाबामागे जी हिरवी बारीक जाळी लावतात, तेच हे झाड. सुरुवातीला आम्ही त्या कंपाऊंडच्या भिंतीलगत कडुनिंबाखाली ठेवल्या आणि तिथे त्या छान वाढल्या. गणेशोत्सवात त्या आत नेऊन तळमजल्याच्या लॉबीत मखराच्या दोन्ही बाजूंना मांडल्या. दहा दिवस त्यांचा एक काटासुद्धा पिवळा झाला नाही. विसर्जनानंतर सर्वांचे मत पडले की कुंड्या इथेच शोभतात, पाहुणे येतात-जातात, तेव्हा आता बाहेर नेऊ नयेत. मीही मान डोलावली. १५ कुंड्या लॉबीत राहिल्या आणि जागा पुरेना म्हणून उरलेल्या ९ जिन्याच्या वळणावर, मोठ्या खिडकीपाशी ठेवल्या. पाणी घालण्याचे काम सातवीच्या त्या विद्यार्थिनीने आपण होऊन मागून घेतले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा लॉबीतल्या कुंड्या आतून पिवळ्या पडू लागल्या होत्या. जानेवारीत तर हात लावला की सुयांसारखी पाने झरझर खाली पडत. मी त्या मुलीला ऑफिसात बोलावले. ती म्हणाली, "सर, मी रोज पाणी घालते." मी म्हणालो, "रोज घातले असतेस तर वाळल्या कशा?" पुढे आणखीही बरेच बोललो. ती काही न बोलता खाली मान घालून उभी राहिली. सातवीतल्या मुलाने मुख्याध्यापकांसमोर दुसरे काय करावे?

दोन दिवसांनी एक मेलेली कुंडी मी स्वतः उचलली, तेव्हा ती दगडासारखी जड लागली. उलटी करून रोप बाहेर काढले तर माती चिखलासारखी ओली होती आणि मुळांच्या पांढऱ्या गाठी तपकिरी, लिबलिबीत होऊन कुजल्या होत्या. म्हणजे ती मुलगी खरे बोलत होती. ज्या झाडाला मी तहानलेले समजत होतो, ते पाण्यात बुडून मेले होते. आणि जिन्याच्या वळणावरच्या ९ कुंड्या? त्या हिरव्यागार होत्या. नर्सरी तीच, माती तीच, पाणी घालणारा हात तोच आणि पाणीही रोजचेच. फरक होता तो फक्त जागेचा. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. असा प्रयोग आमच्या डोळ्यांसमोर चार महिने चालू होता आणि आम्ही रोज त्याच्या शेजारून ये-जा करत होतो.

त्या मुलीची मी तिच्या वर्गासमोर क्षमा मागितली आहे. ते प्रकरण तिथे मिटले. पण कुंड्यांचे प्रकरण अजून मिटलेले नाही.

प्रथम या झाडाची ओळख करून देतो, कारण त्याच्या नावातच घोटाळा आहे. त्याला अ‍ॅस्परॅगस फर्न म्हणतात, पण ते फर्न नाही. पुस्तकात नेचे या नावाने जी वनस्पती तुम्ही शिकता, तिला फुले येत नाहीत, ती बीजाणूंपासून वाढते. अ‍ॅस्परॅगसला मात्र बारीक पांढरी फुले येतात आणि पुढे लाल फळेही धरतात. (छोट्या शिशूंनी ही फळे तोंडात घालू नयेत, पोट बिघडते.) ज्यांना आपण पाने म्हणतो ती वास्तविक पाने नसून खोडाचेच बारीक हिरवे फाटे आहेत. त्यांना शास्त्रात क्लॅडोड म्हणतात. खरी पाने आक्रसून खवल्यांएवढी किंवा काट्यांएवढी उरलेली असतात. नावातल्या 'फर्न'मुळे लोक समजतात की हे दाट सावलीतले, ओलाव्यातले झाड असणार. मग त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून भरपूर पाणी घालतात. आम्ही नेमके तेच केले.

आपल्याला हे झाड परके वाटते, पण त्याची सख्खी बहीण आपल्या गावाकडची आहे. आपल्या शाळेतील बहुतेक कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इथे आली. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना शतावरी ठाऊक असेल. सातपुड्यात आणि शेताच्या बांधावरच्या झुडपांत ती वेलीसारखी चढते. पहिल्या पावसानंतर तिचे कोवळे कोंब निघतात, त्यांची भाजी करतात, आणि मुळ्या वैद्य औषधासाठी वापरतात. ही शतावरी आणि कुंडीतला अ‍ॅस्परॅगस एकाच कुळातले, एकाच वंशातले आहेत. शतावरी कशी उगवते हे ज्याने पाहिले आहे त्याला कुंडी कुठे ठेवावी हे वेगळे सांगावे लागत नाही. तिचे बूड झुडपाच्या सावलीत असते आणि फांद्या काट्याकुट्यांतून वाट काढत उजेडाकडे जातात. डोक्यावर आकाश मोकळे असते, फक्त मधे पानांची चाळणी असते.

कुंडीतले अ‍ॅस्परॅगस मूळचे दक्षिण व पूर्व आफ्रिकेतले. नर्सरीत त्याचे मुख्यतः तीन प्रकार मिळतात. एक पिसासारखा पसरट आणि नाजूक, बुकेमध्ये असतो तो. दुसरा लोंबत्या फांद्यांचा, त्याला स्प्रेंगेरी म्हणतात. इटलीत नेपल्स येथे रोपांचा व्यवसाय करणाऱ्या कार्ल स्प्रेंगर या जर्मन वनस्पतितज्ज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. तिसरा कोल्ह्याच्या शेपटीसारखा गोंडेदार. पहिल्याला कडक ऊन मुळीच सोसत नाही. दुसरा आणि तिसरा जरा दणकट, सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन ते आनंदाने घेतात. शाळेला भेट मिळालेल्या कुंड्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. नर्सरीवाल्याला विचारा, पुस्तकात पाहा, सगळीकडे एकच उत्तर मिळते की अ‍ॅस्परॅगस सावलीत ठेवावे. उत्तर बरोबर आहे. चूक आपल्या ऐकण्यात होते. आपण 'सावली' ऐकतो आणि घरातला कोपरा समजतो. नर्सरीवाला सावली म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झाडाखालची किंवा हिरव्या जाळीखालची जागा असते. या दोन सावल्यांत किती फरक आहे, हे डोळ्यांना कळत नाही, आकड्यांनी मात्र कळते. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स आहे. स्वच्छ दिवशी ऐन दुपारी मोकळ्या मैदानात १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. कडुनिंबासारख्या विरळ झाडाखाली तो कमी झाला तरी साधारणपणे १० हजार किंवा त्याहून जास्त राहतो. घराच्या उघड्या खिडकीला लागून काही हजार असतो. खिडकीपासून दहा-बारा फूट आत गेलात तर काहीशेवर येतो आणि ट्यूबलाईट लावलेल्या खोलीतही २००-३०० लक्सच असतो. म्हणजे झाडाखालची सावली आणि आपली लॉबी यांत पाच-दहा टक्क्यांचा फरक नसून चाळीस-पन्नास पटींचा आहे. आपला डोळा मात्र फसतो. बाहुली मोठी होते, दोन मिनिटांत नजर सरावते आणि आपल्याला वाटते, इथे तर चांगला उजेड आहे, वर्तमानपत्र वाचता येते. पण आपल्याला वर्तमानपत्र वाचायचे असते आणि झाडाला त्या उजेडातून जेवण बनवायचे असते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'प्रकाश-संश्लेषण' पाठ केले. इथे आलो तर मराठी पुस्तकातही 'प्रकाशसंश्लेषण' आणि शेजारच्या गुजराती शाळेतही तोच शब्द. तिन्ही भाषांत मुलांना व्याख्या तोंडपाठ असते आणि मुख्याध्यापकांनाही असते. तरी कुंडी लॉबीतच राहते.

याचा हिशेब मात्र घरखर्चासारखा सरळ आहे. झाड दिवसरात्र श्वसन करते, त्यात साठवलेले अन्न खर्च होते. उजेड असतो तेवढा वेळच नवीन अन्न तयार होते, ही त्याची कमाई. विशिष्ट मर्यादेखाली उजेड गेला की खर्च कमाईपेक्षा जास्त होतो आणि झाड साठ्यावर जगू लागते. अ‍ॅस्परॅगसच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत पाण्याचा आणि अन्नाचा साठा असतो, म्हणून ते इतर झाडांपेक्षा जास्त दिवस तग धरते. गणपतीचे दहा दिवस ते हिरवे राहिले ते याच शिलकीवर. आम्ही त्यावरून निष्कर्ष काढला की याला अंधार चालतो. एखाद्या घरातल्या कमावत्या माणसाचा कारखाना बंद पडला आणि दहा दिवस चूल पेटत राहिली, म्हणून त्या घराला पगाराची गरज नाही असे कोणी म्हणेल का? पण झाडाविषयी आपण म्हणतो. शिल्लक संपेपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि तोपर्यंत कुंडीची जागा बदलली होती हेच सर्व विसरून जातात. मग पाणी घालणाऱ्याला धरले जाते.

पाण्याचाही संबंध उजेडाशीच आहे. उजेड कमी तर झाड पाणी कमी ओढते, आणि हवा खेळत नसेल तर माती सुकतही नाही. जिन्यातल्या कुंड्यांना रोजचे पाणी पचले, लॉबीतल्यांना पचले नाही. गाठी कुजल्या, पाणी वर चढेना, फांद्या पिवळ्या पडल्या. ते पाहून त्या मुलीने बिचारीने आणखी अर्धा मग वाढवला. याहून दुर्दैवी काळजी मी पाहिली नाही.

पिवळेपणा कशाचा आहे हे ओळखण्याची एक साधी रीत सांगतो. ऊन जास्त झाले असेल तर ज्या बाजूला ऊन लागते तीच बाजू फिकट पडते, शेंडे गवतासारखे वाळतात आणि बाकीचे झाड हिरवे राहते. उजेड कमी असेल तर पिवळेपणा आतून आणि खालून सुरू होतो, नव्या फांद्या लांब आणि विरळ निघतात, खिडकीच्या दिशेला कलतात आणि हलवले की काटे गळतात. पाणी कमी असेल तर कुंडी उचलल्यावर हलकी लागते. म्हणून पाणी घालण्याआधी कुंडी उचलून पाहावी. हे मला पन्नाशीनंतर समजले.

जागा तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. बोटांची गडद, रेखीव सावली पडली तर तिथे अ‍ॅस्परॅगस पोळेल. सावली मऊ, कडा पुसट, पण हाताचा आकार ओळखू येतो, अशी असेल तर जागा उत्तम. कागदावर काहीच उमटले नाही तर तिथे झाड ठेवू नये. शाळेच्या लॉबीत मी हा कागद धरला, तेव्हा ट्यूबलाईट बंद केल्यावर काहीच उमटले नाही. मोबाईलमध्ये आता लक्स मोजणारे अ‍ॅप मिळते. आठवी-नववीच्या मुलांनी ते घेऊन शाळेची प्रत्येक जागा मोजावी आणि नकाशावर आकडे लिहून मला द्यावेत. अ‍ॅपचा आकडा अगदी तंतोतंत नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरेसा असतो.

पालकांसाठी घरांविषयी लिहितो. गोडादऱ्यात आपली बहुतेक घरे सोसायटीतील रो-हाऊस आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, उजेड येतो तो फक्त पुढच्या दारातून आणि मागच्या चोकडीतून. मधल्या खोलीत दिवसाही लाईट लावावी लागते. त्यात धुळीमुळे खिडक्या बंद आणि काचांना रंगीत कागद. अशा घरात टीव्हीशेजारी किंवा देवघराजवळ अ‍ॅस्परॅगस ठेवू नये. दोन महिने ते तुम्हाला फसवील, नंतर रडवील. पुढच्या खिडकीच्या आत दोन-तीन फुटांपर्यंत ठेवले तर चालेल, काच स्वच्छ असावी आणि कुंडी आठवड्याला थोडी फिरवावी. सर्वांत चांगली जागा म्हणजे ओटा. खिडकीच्या जाळीला लोंबती कुंडी टांगली तरी उत्तम, फक्त वाटेत येऊ देऊ नये, फांद्यांना बारीक काटे असतात.

पण ओटा कोणत्या दिशेचा हे पाहावे लागते. पूर्वेकडचा असेल तर दहा वाजेपर्यंतचे कोवळे ऊन मिळते, त्याहून चांगले काही नाही. पश्चिमेकडच्या ओट्यावर मार्च ते जूनमध्ये दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत भट्टी असते, तिथे हिरवी जाळी किंवा जुन्या साडीचा पडदा लागेलच. सुरतेत एवढे कापड विणले जाते, एक पडदा कुंडीला मिळायला हरकत नसावी. दक्षिणेकडे गंमत आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे छज्जाखालून ऊन आत शिरते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो आणि तोच छज्जा सावली धरतो. म्हणजे दक्षिणेचा छज्जा असलेला ओटा आपोआप ऋतूप्रमाणे वागतो.

उत्तरेकडच्या ओट्याला ऊन मिळत नाही असे आपण म्हणतो. ते वर्षभर खरे नाही. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१ अंश १० मिनिटे अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. म्हणून जूनमध्ये उत्तरेच्या ओट्यालाही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन मिळते. जुलैमधला काठीचा प्रयोग ढगांमुळे सहसा हुकतो आणि मेमधला उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. तरी मुलांनी घराच्या अगाशीवर मेच्या शेवटच्या आठवड्यात करून पाहावा.

अगाशीचे म्हणाल तर तिथे उघड्यावर अ‍ॅस्परॅगस ठेवू नये. वरून ऊन, खालून तापलेली लादी आणि बाजूने तापलेली कुंडी असा तिहेरी मार बसतो. जाळी बांधली असेल आणि कुंड्या विटांवर ठेवल्या असतील तर ठीक. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन आपोआप गाळले जाते, तेव्हा सगळ्या कुंड्या बाहेर काढाव्यात, मात्र बुडाचे भोक मोकळे असावे. आणि आतून बाहेर नेताना घाई करू नये. महिनाभर घरात राहिलेले झाड एकदम उन्हात ठेवले तर पोळते. आधी आठवडाभर पूर्ण सावलीत, मग सकाळचे ऊन थोडे थोडे.

हे झाड सावलीत किती माजू शकते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. बागेतून निसटलेले अ‍ॅस्परॅगस तिथे जंगलात झाडांखाली पसरले, पक्ष्यांनी लाल फळे खाऊन बिया दूरवर नेल्या आणि आज तिथे त्याची गणना मोठ्या उपद्रवी तणांत होते. हे वाचून कोणी म्हणेल की जंगलाच्या सावलीत जे इतके फोफावते त्याला आपली लॉबी का सोसत नाही? उत्तर वर आले आहेच. जंगलातली सावली उघड्या आकाशाखालची असते.

आता शाळेच्या निर्णयाविषयी. विश्वस्त मंडळाच्या गेल्या बैठकीत लॉबीसाठी नवीन कुंड्या घ्याव्यात अशी सूचना आली. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. शाळेत पाऊल टाकताच हिरवे दिसावे असे कोणाला वाटणार नाही? मी त्या दिवशी गप्प बसलो, पण माझे मत विरोधी आहे आणि ते मी इथे नोंदवतो. त्या लॉबीत दोन्ही बाजूंना वर्ग आहेत, उजेड येतो तो फक्त टोकाच्या दारातून आणि तेही सुरक्षेसाठी अर्धे बंद असते. तिथे ठेवलेली प्रत्येक कुंडी तीन-चार महिन्यांत मरेल. देणगीदारांच्या पैशांचे काय होते हा एक प्रश्न आहे. त्याहून मला त्रास होतो तो याचा, की पाचशे मुले रोज त्या झाडांशेजारून जातील, ती पिवळी पडताना पाहतील आणि मग एक दिवस नवीन कुंड्या आलेल्या पाहतील. जुन्या का गेल्या हे कोणी विचारणार नाही.

काहींनी सुचवले की लॉबीत दिवे वाढवावेत. त्याचाही हिशेब करून पाहिला. छतावरच्या दिव्याचा उपयोग नाही, ट्यूब झाडाच्या फूटभर वर हवी आणि रोज बारा तास चालू हवी. २० वॅटची एक एलईडी ट्यूब बारा तासांत २४० वॅट-तास वीज घेते, म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. अशा ६ ट्यूब लावल्या तर ४३ युनिटच्या वर. बाहेर कडुनिंबाखाली जे फुकट मिळते, ते आत महिन्याच्या महिन्याला विकत घ्यायचे. दुसरी सूचना प्लॅस्टिकच्या झाडांची होती. मला प्लॅस्टिकचे झाड आवडत नाही, पण खरे सांगायचे तर लॉबीसाठी मी तेच पसंत करीन. त्याला उजेड लागत नाही, ही त्याची एकमेव पात्रता तिथे पुरेशी आहे.

माझी स्वतःची सूचना वेगळी आहे. नवीन काही विकत न घेता, ज्या ९ कुंड्या जगल्या त्यांच्यापासूनच पुढे जावे. या झाडाचे गड्डे पावसाळ्याच्या तोंडावर सुरीने दोन-तीन भागांत वेगळे करून लावता येतात. प्रत्येक भागाला गाठी आणि दोन-चार फांद्या असल्या की झाले. वर्षभरात ९ च्या २० होतील. त्या पूर्वेकडच्या गॅलरीत, कठड्याच्या आतल्या बाजूला राहतील. लॉबीत कार्यक्रमाच्या वेळी चार कुंड्या आणाव्यात, आठवड्याने परत न्याव्यात आणि त्याच चार कुंड्या किमान तीन आठवडे पुन्हा आत आणू नयेत. प्रत्येक कुंडीला क्रमांक आणि एक वही असावी. कोणती कुंडी कधी आत गेली, कधी बाहेर आली, उचलल्यावर जड होती की हलकी, एवढेच त्यात लिहायचे. मोठ्या ऑफिसांत आणि हॉटेलांत झाडे ताजी दिसतात ती अशाच फेरपालटीने, तिथल्या अंधारात ती वाढतात म्हणून नव्हे.

गॅलरीत कुंड्या ठेवल्यास मुले चेंडू मारून पाडतील, असा आक्षेप एका शिक्षकांनी घेतला आहे. पाडतील. दोन-चार फुटतील हेही मी धरून चालतो. पण पडलेली कुंडी उचलून पुन्हा लावता येते आणि कोणी पाडली हे तरी कळते.

पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा येईल, तेव्हा विश्वस्तांनी आधी पाच मिनिटे लॉबीत आणि पाच मिनिटे गॅलरीत एक कोरा कागद घेऊन उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. ९ कुंड्या गेल्या सोमवारी जिन्यातून गॅलरीत हलवल्या आहेत. वही त्या सातवीच्या विद्यार्थिनीकडेच आहे. तिने मला पहिल्याच दिवशी विचारले, "सर, मी पाणी कधी घालू?" मी तिला कुंडी उचलून दाखवली. तिने प्रत्येक कुंडी उचलली आणि वहीत लिहिले, ३ हलक्या, ६ जड. तीनच कुंड्यांना पाणी मिळाले. काल पाचव्या क्रमांकाच्या कुंडीत बोटाएवढा नवा कोंब दिसला. तो कठड्याच्या बाजूला, बाहेर वाकला आहे.

आपला,
मुख्याध्यापक